एकशे तेरातले नऊ

"टेम्प नावाचे सगळे फोल्डर उडवून टाकू का?" ज्ञानदेवनं विचारलं.

"उडवा नाहीतर ठेवा, पण चारच्या आत मशीन मोकळं करा," शकू समोरच्या कागदावरची नजर न काढता म्हणाली. "त्या बाईंचा प्रबंध उद्या द्यायचाय. तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त करता की त्याची मुंज लावता?"

नारायण पेठेत शकूचं मराठी टायपिंगचं दुकान होतं, आणि पेठेतली अशी चौदा मशीनं ज्ञानदेव वर्षाच्या करारावर सांभाळायचा. साल दोन हजार तीन. सफाईचं सॉफ्टवेअर आपणहून फक्त विंडोजचा कचरा काढायचं, पण ज्ञानदेवला स्वतःच्या हुशारीची हौस फार. पुसायच्या यादीत त्यानं आपल्या हातानं एक ओळ वाढवली: कुठल्याही ड्राइव्हवरचा टेम्प नावाचा फोल्डर, आतल्या सगळ्यासकट. मग बटण दाबलं. चार मिनिटांत मशीन हलकं झालं. चहा पिऊन तो निघून गेला.

पेठेतल्या टायपिंगवाल्यांची एक रीत होती आणि ती त्याला ठाऊक असायला हवी होती. अर्धवट काम टेम्पमध्ये ठेवायचं; पुरं झालं, गिऱ्हाइकानं पसंत केलं, की मगच गिऱ्हाइकाच्या नावाच्या फोल्डरात हलवायचं. शकूच्या टेम्पमध्ये भीमरावांची यादी होती.

भीमराव टपाल खात्यातून मुदतीआधीच निवृत्त झालेले गृहस्थ. छप्पन साली त्यांच्या वर्धेकडच्या गावातून एकशे तेरा माणसं धम्मदीक्षेसाठी नागपूरला चालत गेली होती. भीमराव तेव्हा बारा वर्षांचे, वडिलांचं बोट धरून. त्या माणसांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती. दोन वर्षं फिरून, म्हाताऱ्यांच्या खाटेशी बसून त्यांनी ती एकेक करून गोळा केली. दीक्षेच्या पन्नासाव्या वर्षी पुस्तिका काढायची होती. शकूनं नाव टाईप केलं की ते चिठ्ठी फाडून टाकायचे. "एकदा कॉम्प्युटरात गेलं म्हणजे पक्कं झालं," असं म्हणायचे. सगळा जन्म सरकारी नोंदींत गेलेला माणूस, त्यांचा विश्वास बसला तो बसला.

आठ दिवसांनी शकूचा फोन आला आणि ज्ञानदेव धावत गेला. पुसलेलं परत आणायची जेवढी सॉफ्टवेअर होती तेवढी त्यानं तीन दिवस चालवून पाहिली. पण त्याच जागेवर प्रबंध चढून बसला होता. हाती लागले दोनच शब्द: 'बाई, वय'. कुठली बाई, कोण जाणे.

भीमराव आले तेव्हा ज्ञानदेव उभाच राहिला. "काका, चूक माझी आहे. मी लावलेल्या सेटिंगनं तुमची यादी गेली."

"सगळी?"

"सगळी."

भीमरावांनी एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "बसा, उभे कशाला?" ते म्हणाले, आणि शकूकडे वळले. "शकूताई, घ्या लिहून. जेवढं आठवतंय तेवढं."

पाच गुरुवार ते आठवत बसले. ज्यांनी नावं सांगितली होती त्यांतले बरेचजण तोवर वारले होते, पुन्हा विचारायचं कुणाला? यादी घरांच्या क्रमानं होती, त्यामुळे माणूस कुठे गळलंय ते त्यांना कळायचं, पण नाव ओठांवर यायचं नाही. एकशे चार नावं झाली. नऊ राहिली ती राहिलीच.

"रिकाम्या ओळी काढून टाकू?" शकूनं विचारलं.

"आकडे राहू द्या," भीमराव म्हणाले. "माणसं चालली होती ना."

तेव्हापासून ज्ञानदेवनं सॉफ्टवेअरमधल्या आपोआप पुसण्याच्या सगळ्या खुणा काढून टाकल्या. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून तो प्रत्येक फोल्डरचं नाव मोठ्यानं वाचायचा, हो म्हटल्याशिवाय पुसायचा नाही. "अहो, सत्यनारायण सांगताय का? आटपा," असं कर्वेनगरातल्या एका बाईंनी त्याला सुनावलंही. तो आटपायचा नाही. त्याला भीती वाटायची. सफाईची पट्टी पुढे सरकू लागली की त्याला रस्त्यानं चालणारी माणसं दिसायची आणि पट्टी त्यांच्यावरून जायची. बसमध्ये समोर एखादी म्हातारी बसली की तिचं नाव विचारावंसं वाटायचं. एकदा त्यानं विचारलंही. म्हातारी जागा बदलून बसली.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात भीमराव गेले. ऑक्टोबरात त्यांच्या मुलीनं, चैतालीनं, पुस्तिका छापली. बिबवेवाडीतल्या विहारात नावं वाचायची होती. शकूनं निरोप दिला म्हणून ज्ञानदेव गेला आणि दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ थांबला.

चैतालीनं त्याला ओळखलं. "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? बाबा सांगायचे, यादीसाठी तुम्ही फार खपलात म्हणून." तिनं हातातली पुस्तिका उघडली. "नऊ नावं राहिली बघा. वय झालं, मीच विसरलो, म्हणायचे. शेवटी शेवटी फार लागलं होतं त्यांच्या मनाला. स्वतःलाच बोल लावत बसायचे."

 ज्ञानदेवचा दोष त्या माणसानं अंगावर घेतला होता आणि घेऊनच गेला होता. आता गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. शकू बोलणारी नव्हती.

"ताई, ते विसरले नव्हते," तो म्हणाला. "एकशे तेराही नावं एकदा लिहून झाली होती. ती मी पुसली."

 आत माणसं मांडी घालून बसली होती, कुणीतरी माईक तपासत होतं.

"बाबांनी हे सांगितलं नाही कधी."

"नाही."

तिनं पुस्तिका मिटली आणि त्याच्यापुढे धरली. "मग नावं तुम्ही वाचा."

"मी? मी कसा वाचू?"

"कुठे थांबायचं ते तुम्हालाच माहीत आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

ज्ञानदेवनं चपला काढल्या. पहिली बावीस नावं त्यानं वाचली.  पानावर पुढे नुसता आकडा होता.

"तेवीस," तो म्हणाला, आणि एक नाव घ्यायला लागेल तेवढा वेळ गप्प उभा राहिला.  मग त्यानं चोविसावं नाव वाचलं.