गुवाहाटीचं फुकट तिकीट

मित्रांनो, मी एक जुनं, निळं विमानकार्ड आहे, आणि आजवर माझ्यामुळे कुणाचंही भलं झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही उगाच आशेवर राहणार नाही.

माझा जन्म एका विमान कंपनीसाठी झाला. आमचं काम असं. घरातलं कुणी त्या कंपनीच्या विमानानं गेलं, की जितकं लांब जाल तितके 'मैल' खात्यात जमा होतात. पुरेसे मैल साठले की एक तिकीट फुकट. काही कार्डं एकट्या माणसाची असतात, मी अख्ख्या घराचा होतो. माझ्यावर सोनेरी अक्षरांत 'औंढेकर परिवार' असं छापलेलं होतं. हैदराबादेत कुकटपल्लीच्या एका फ्लॅटमध्ये माझं पाकीट उघडलं, तेव्हा चार जण माझ्याभोवती गोळा झाले. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारा आदित्य, त्याची पुण्याची बायको योगिनी, त्यांची दुसरीतली मुलगी राणी आणि आदित्यचे वडील एकनाथराव. मला सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. एवढं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

एकनाथरावांनी सिकंदराबादेत रेल्वेत गार्ड म्हणून जन्म घालवला होता. विमानात ते कधी बसले नव्हते. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आदित्य, ह्याला मुदत असती का रे? आमच्या पासाला असायची."

"नाही हो बाबा. हे पडून राहतं. हात नाही लावला की वाढतच जातं."

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. माझ्या मागेच बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की तीन वर्षं या कंपनीच्या विमानानं कुणी गेलंच नाही तर सगळे मैल बुडतील. पण इतकं बारीक कोण वाचतो?

मैल कशासाठी साठवायचे, हे त्याच दिवशी ठरलं. एकनाथरावांची थोरली बहीण तारामती, म्हणजे घरातली अक्का, नवरा गेल्यावर गुवाहाटीला मुलाकडे राहायला गेली होती. भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं, हे एकनाथरावांनी आयुष्यभर पाळलं होतं. ड्यूटी असली तर बदलून घ्यायचे, पण जायचे. आता आगगाडीनं अडीच दिवस लागायचे आणि त्यांचे गुडघे बसल्या जागी कुरकुर करायचे. म्हणून ठरलं, गुवाहाटीला विमानानं जायचं, आणि तेही फुकट. तोवर अक्का फोनच्या पडद्यासमोर निरांजन ओवाळायची आणि एकनाथराव इकडे मान पुढे करायचे.

मला त्यांनी जुन्या रेल्वे पासाच्या प्लास्टिकमध्ये घातलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मी दिवसभर त्यांच्याजवळ असायचो. खरं सांगतो, मला त्या माणसाचा लळा लागला.

आदित्यच्या दिल्लीच्या फेऱ्या, सगळ्यांच्या पुण्याच्या फेऱ्या, असं करत दोन वर्षांत माझ्यात चौदा हजार मैल जमले. गुवाहाटीला जाऊन यायला एका माणसाला दहा हजार पुरत होते. दिवाळी तोंडावर आली होती. एकनाथराव म्हणाले, "मग मी जाऊन येतो की."

"एकटे?" योगिनी म्हणाली. "बाबा, काहीतरीच काय! थोडं थांबा, चाळीस हजार होऊ देत. चौघं मिळून जाऊ, अक्कांनाही बरं वाटेल."

"अगं, मी आख्खी गाडी एकट्यानं काजीपेठला न्यायचो."

सगळे हसले. तेही हसले आणि त्यांनी मला परत खिशात सरकवलं. मित्रांनो, त्या घरात वाईट कुणीच नव्हतं. वाईट असतं तर मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

पुढे योगिनी स्वस्त तिकिटाच्या मागे लागली. पुण्याला जायला एकदा एका कंपनीचं विमान, पुढच्या वेळी दुसरीचं. प्रत्येक कंपनी नवं कार्ड द्यायची आणि ती हौसेनं घ्यायची. घरात पाच कार्डं झाली. याच्यात दोन हजार, त्याच्यात तीन हजार, आणि एकाचे मैल दुसऱ्यात जात नाहीत. आदित्यनं नोकरी बदलली, तर नवं ऑफिस भलत्याच विमानानं पाठवायचं. माझ्या कंपनीचं विमान सगळ्यांनी सोडलं. मी खिशात चौदा हजार मैल घेऊन बसून राहिलो. तीन वर्षांत एकदा जरी कुणी माझ्या विमानानं पुण्याला गेलं असतं, तरी मी जगलो असतो.

कंपनीनं इशारेही दिले होते, एकदा नव्हे, तीनदा. पण खातं उघडताना आदित्यनं ई-मेलचा पत्ता दिला होता जुन्या ऑफिसचा, आणि तो कधीचा बंद पडला होता.

मग एका सकाळी अक्काच्या मुलाचा, प्रमोदचा फोन आला. "मामा, आई हल्ली माणसं विसरायला लागलीय. तुमचं नाव अजून घेते. येऊन जा, उशीर करू नका."

आदित्यनं लगेच माझं खातं उघडून पाहिलं. त्यात शून्य होतं.

मला वाटलं, आता तरी हे पैसे टाकून तिकीट काढतील. पण आदित्यला राग आला होता. "आपल्या हक्काचे मैल आहेत बाबा, असे सोडायचे नाहीत. मी परत मिळवतोच." त्यानं तक्रार केली. उत्तर आलं, त्यानं पुन्हा लिहिलं. वरच्या साहेबाला लिहिलं. यात सात आठवडे गेले. एकनाथराव रोज संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणतात रे?" आणि आदित्य म्हणायचा, "होईल बाबा, दोन दिवसांत."

शेवटी एके दिवशी कुणाला न सांगता ते मेट्रोनं आबिड्सला गेले. एका तिकिटाच्या दुकानात त्यांनी मला काउंटरवर ठेवलं.

"चाचा, इसमें तो कुछ भी नहीं है," दुकानदार म्हणाला. "पैसे देके निकालूं क्या?"

"हौ, निकालो."

मला उचलून खिशात ठेवेपर्यंत माझ्याच कंपनीच्या विमानाचं तिकीट छापून झालंसुद्धा. दहा मिनिटं लागली. पैसे त्यांच्या पेन्शनचे होते, आणि ते काही आज आलेले नव्हते. ही दहा मिनिटं गेल्या सहा वर्षांत कुठल्याही दिवाळीला सापडली असती.

ते एकटेच गेले. विमानात काही अडलं नाही. गुवाहाटीला प्रमोदच्या घरी अक्का खुर्चीत बसली होती. एकनाथराव तिच्यासमोर खाली बसले, गुडघ्यांचं न ऐकता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि विचारलं, "आपण कोण? कुणाकडं आलात?"

खिशातून मला त्यांच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. त्यांनी माझ्यावरून खिसा सारखा केला. मग म्हणाले, "इकडून चाललो होतो, म्हटलं भेटून जावं."

"बसा. चहा घेऊन जा," अक्का म्हणाली. "माझा भाऊ यायचाय. तो आला की मला उठावं लागेल."

चार दिवस ते रोज तिच्यासमोर बसले. चारही दिवस ती दाराकडे पाहत होती.

मित्रांनो, मला जपू नका. फुकट मिळेल म्हणून कुणाला भेटायचं लांबवू नका, सगळे मिळून जाऊ म्हणून एकाला अडवू नका. अक्का आता कुणालाच ओळखत नाही. आणि परवा कंपनीचं पत्र आलं, यावेळी आदित्यनं तक्रारीत दिलेल्या बरोबर पत्त्यावर आलं. गुवाहाटीच्या त्या प्रवासाचे तीन हजार मैल माझ्यात जमा झालेत, अभिनंदन म्हणून.