संध्याबाईंच्या अंगणातला झरा

“तीन फूट सांगितलं होतं मंगळू, तीन. हे काय करून ठेवलंस?”

मंगळू खड्ड्यात घोट्यापर्यंत चिखलात उभा होता. चार फुटांखाली मुरमातून बोटभर धार येत होती, आणि हा बाबा तंबाखूची गोळी गालात सरकवून हसत होता. तीस वर्षं मी नाशकात मिस्त्रीकाम करतोय. खड्ड्यात पाणी लागल्यावर हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

काम होतं ट्रॅम्पोलिन बसवायचं. गोल लोखंडी कडं, त्याला चहूबाजूंनी स्प्रिंगा, मध्ये ताणलेलं काळं कापड, आणि त्यावर पोरांनी उड्या मारायच्या. संध्याबाई, गंगापूर रोडवरच्या रिटायर मुख्याध्यापिका, त्यांची नात रविवारी अमेरिकेहून यायची होती. तिकडे ती असल्याच उंच ट्रॅम्पोलिनवरून पडून हात मोडून घेऊन बसली होती. म्हणून इथे ते जमिनीच्या बरोबरीनं हवं, म्हणजे खाली खड्डा हवा. दोन हजार सहाचा मे महिना, अंगाची लाही होत होती, आणि त्यात बुधवारी हे पाणी.

मंगळूला आणला ही माझीच चूक. हा पेठच्या डोंगरातला, उमर विहिरी खोदण्यात गेलेली. पहिल्या दिवशी नारळ फोडला, चपला लांब काढून ठेवल्या आणि मगच उतरला. मी म्हटलं, अरे, उड्या मारायचा खड्डा आहे हा. तर म्हणाला, “भुईला काय ठावं?” तिथंच मी ओळखायला हवं होतं. तीन फुटांवर माती ओली लागली आणि ह्याचा हात काही थांबेना.

संध्याबाई बाहेर आल्या, चष्मा सावरून खड्ड्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी जणू गृहपाठ न केलेला मुलगा. हे पाणी आजच्या आज बुजवा म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी वैतागून खाली उतरलो आणि ओंजळीत पाणी घेतलं. तोंडाजवळ नेलं तर ब्लीचिंग पावडरचा वास, नळाच्या पाण्याला येतो तसा. मान वर केली. आठ पावलांवर संध्याबाईंची जमिनीतली पाण्याची टाकी होती, चौऱ्याण्णव साली मीच बांधलेली. ही टाकी लवकर रिकामी होते हो, अशी बाईंची बारा वर्षांची तक्रार. आणि मी ती कधी मोलकरणीवर, कधी पाहुण्यांवर, कधी उन्हाळ्यावर ढकलत आलेलो. कपाळावर हात मारून घेतला. झरा कसला, माझ्याच टाकीची गळती होती ती. मंगळूनंही पाणी चाखलं होतं, पण तंबाखूनं मेलेल्या त्याच्या नाका-जिभेला काय कळणार?

सांगून मोकळा होणार, तेवढ्यात तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि बोलायला लागला. त्याच्या पाड्यावर त्यानं तीन विहिरी खोदल्या होत्या आणि तिन्ही कोरड्या गेल्या. तिसरीसाठी अख्खा पाडा दोन उन्हाळे राबला होता. तेव्हापासून त्याला सुक्या हाताचा म्हणतात. लग्नात मांडवाच्या मेढीचा, म्हणजे मानाच्या पहिल्या खांबाचा, खड्डासुद्धा त्याला खणू देत नाहीत. सख्ख्या भावानं, भिमाजीनं, थोरल्या पोरीच्या लग्नात त्याच्या हातून पहार काढून घेतली होती.

“मिस्त्री, एक दिस थांबा. माझ्या बायकूला, भागीला बघू द्या. मंग मीच बुजवतो.”

मी तोंड मिटलं. खरं सांगतो, निम्मी त्याची कीव होती आणि निम्मी माझी लाज. संध्याबाईंना सांगितलं, पाण्याचा जोर एक दिवस बघावा लागेल. रविवार तुमच्यासाठी थांबणार नाही, खंडेराव, असं त्या म्हणाल्या. मंगळूनं पेठच्या एसटीच्या कंडक्टरकडे बायकोसाठी निरोप दिला आणि मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत राहिलो.

गुरुवारी सकाळी भागीबाई आली. काटकुळी, अनवाणी, काही न बोलणारी. मंगळूनं तिला हात धरून खाली उतरवलं. तिनं धारेला हात जोडले, ओंजळ भरली, एक घोट घेतला आणि थांबली. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून विसरता आलेली नाही.

“कसं हाय?” मंगळूनं विचारलं.

“गोड हाय,” ती म्हणाली आणि राहिलेली ओंजळ प्याली.

पाड्यावर दाखवायला म्हणून मंगळूनं एक बाटली भरून तिच्या हातात दिली. तिला माझ्या गाडीवरून पेठ नाक्यावर सोडायला मी गेलो. नाक्यावर उतरून तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि उभ्यानं सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

“आमच्याकडं टँकर येतो, मिस्त्री,” पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. “ह्यो वास बारक्या पोरालाबी ठावा हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंची टाकी गळतेय, ती मीच बांधलेली, चूक माझी आहे, एवढंच कसंबसं बोललो. तिनं मान हलवली आणि रिकामी बाटली पिशवीत घालून एसटीत चढली.

परत येऊन मी बाईंना म्हटलं, पाहुणे यायच्या आधी टाकी धुऊन घेऊ. टाकी उपसून मी गुपचूप आतून फट भरली. धार आटली तसा मंगळू हळहळला. पाणी रुसलं म्हणाला, धारेच्या जागी कुंकवाचं बोट लावलं आणि खालचा जास्तीचा फूटभर खड्डा स्वतःच्या हातानं सिमेंटनं भरला. शुक्रवारी ट्रॅम्पोलिन बसलं आणि तो गावी गेला.

रविवारी दुपारी तो आपली पहार न्यायला आला. नात उड्या मारत होती, संध्याबाई दर उडीला “अगं हळू” म्हणत होत्या. मंगळू माझ्याशेजारी बसला तो कुरकुरतच.

“आमची भागी लय येडी, मिस्त्री. आख्खी बाटली वाटंतच प्याली. तहान लागली व्हती म्हणं.”

“ऊन तसं आहे,” मी म्हणालो. “मग पाड्यावर पटलं का कुणाला?”

“तिनं देवाची आण घेतली ना समद्यांम्होरं. सोता पाह्यलं, सोता प्याले म्हणाली.” त्यानं तंबाखू मळायला घेतली आणि मळायची तशीच ठेवली. “भिमाजीच्या धाकलीचं लगीन हाय बुधवारी. मेढीचा खड्डा मला सांगितलाय.”

तो उठला, पहार खांद्यावर घेतली आणि फाटकाकडे निघाला.

“किती खणायचा असतो रे तो?” मी मागून विचारलं.

“दोन फूट.”

“मग दोनच खण, मंगळू,” मी म्हणालो.