घासलेला उजवा बाण

मित्रांनो, मला ओळखायचं असेल तर आधी माझ्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला बघा. तिथे चार बाण आहेत. वरचा आणि खालचा ठीकठाक. डावा इतका कोरा, की कालच बसवला म्हणाल. आणि उजवा? त्याच्यावरचं चिन्ह केव्हाच पुसलं गेलं, कडा झिजल्या आणि मधोमध बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला आहे. मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझी सगळी कहाणी या दोन बाणांच्या मध्ये मावते. स्वस्थ बसून बोलायची मला सवय नाही, तेव्हा मधेच धावत सुटलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी परीक्षा घेतली. प्रत्येक बटण त्यांनी एकदाच दाबलं, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. देव जन्म देताना सगळ्यांना सारखंच घडवत असावा, पुढे कुणाच्या वाट्याला किती टोले यायचे ते ज्याच्या त्याच्या घरावर. मग खोक्यात, अंधारात पडून राहिलो. कुणाची तरी बोटं लागेपर्यंत जिवाला चैन नव्हतं.

ती बोटं आमच्या ताईची. ताई सकाळी एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची आणि दुपारपासून घरी असायची. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. त्यात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबा चाळीस वर्षं थिएटरात प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते. उभ्या जन्मात त्यांनी लोकांना इतकं दाखवलं, की म्हातारपणी डोळ्यांनी संप पुकारला. खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. अक्षर मात्र दिसायचं नाही.

त्या घराला कोरियन मालिकांचं वेड होतं, आणि त्यातही अद्भुत मालिकांचं. माणसाच्या वेशात शेपट्या लपवणारी कोल्हीण, काळ्या टोपीतले यमदूत, तीनशे वर्षांपूर्वीच्या राजवाड्यातून आजच्या लिफ्टमध्ये पडणारा सेनापती. बाबांना पडद्याखालच्या भाषांतराच्या ओळी वाचता येत नसत, म्हणून ताई त्या मोठ्याने वाचून दाखवायची. कोल्हिणीचा आवाज वेगळा, यमदूताचा वेगळा, सेनापतीचा तर भलताच वेगळा. वाचताना धाप लागली की माझं सगळ्यात लांब बटण दाबून चित्र थांबवायची. बाबांच्या शंका तेव्हाच यायच्या. हा हिरो दर भागात भिजतो कसा, याच्या घरी छत्री नाही का? भूत जर भिंतीतून जातं, तर ते खुर्चीतून खाली का पडत नाही?

ताई पोट धरून हसायची, पण शंका टिपून ठेवायची. त्या टिपणांतूनच तिचं पहिलं परीक्षण झालं. एका वेबसाइटने ते छापलं, लोकांना आवडलं आणि पाहता पाहता ताई समीक्षक झाली. तिचं एक वाक्य वाचकांच्या तोंडी बसलं होतं: जादू हवी तेवढी करा, पण स्वतः घातलेला नियम मोडू नका, आणि मोडलात तर कारण द्या. ते वाक्य माझ्यावरच टाइप झालं होतं. मला किती मिरवावंसं वाटलं असेल, कल्पना करा! त्या दिवसांत ताई मला ओल्या फडक्याने पुसायची, उलटा करून धूळ झटकायची आणि बाबांना सांगायची की हा माझा उजवा हात आहे.

मग घाई सुरू झाली.

वेबसाइटच्या संपादकबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्यामागे सतत कुणीतरी लागल्यासारखं असायचं. मालिका आली की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत परीक्षण हवं. सोळा भाग, प्रत्येक भाग तासाभराचा. ताईने गणित केलं आणि कानांवर हेडफोन चढवले. मोठ्याने वाचणं बंद झालं. आणि माझा उजवा बाण दाबला जाऊ लागला. एकदा दाबला की चित्र दहा सेकंद पुढे. कुणी पावसात उभं आहे? टक्. कुणी पायऱ्या चढतंय? टक्, टक्. कुणी नुसतंच बघत बसलंय? टक्, टक्, टक्. बोललेलं तेवढं वाचायचं, बाकीचं ओलांडायचं. तिच्या बोटातली बेचैनी माझ्यात उतरली. रात्री बंद असतानाही तो बाण आतल्या आत फुरफुरतोय असं मला वाटायचं.

बाबा बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसायचे. गाऊन प्रवचन करणारे एक बुवा रोज लागायचे, ते त्यांचे लाडके. मालिकेचं त्यांनी परत कधी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले, त्या कोल्हिणीचं पुढे काय झालं ते सवडीने सांग. सवड काही आली नाही.

मग ती नावाड्याची मालिका आली, आणि ताईचा जीव टांगणीला लागला. संपादकबाईंनी कळवलं होतं, की हे परीक्षण गाजलं तर दर शुक्रवारचं कायमचं सदर तिचं. मग दवाखान्यातले फोन घ्यायला नकोत, दिवसभर आवडीचं काम.

गोष्ट अशी होती. मेलेल्यांना तळ्यापलीकडे नेणारा एक नावाडी असतो. भाडं म्हणून तो प्रत्येकाची सावली घेतो आणि घडी घालून पेटीत ठेवतो. घेतलेली सावली परत द्यायची नाही, हा त्याचा नियम. एक कुंभारीण धुक्यात वाट चुकते, जिवंतपणीच त्याच्या होडीत बसते आणि सावली गमावते. तेरा भाग ती मागते, तेरा भाग तो नाही म्हणतो. चौदाव्या भागात तो आपणहून येतो आणि सावली तिच्या पायाशी पसरतो.

ताईने माझ्यावर ताडताड लिहिलं, की तेरा भाग नियम नियम करणारा हा नावाडी एका सकाळी उठून नियम मोडतो आणि कारण देत नाही. बहुधा लेखकच होडीतून पडला असावा. लोक त्यावर खो खो हसले. परीक्षण इकडून तिकडे फिरलं. संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला की शुक्रवार तुझा.

ताई आनंदाने बाहेरच्या खोलीत गेली. वायरलेस असल्यामुळे मी तिच्या काखेतच होतो. तिने बाबांना सगळं परीक्षण वाचून दाखवलं. होडीतून पडलेल्या लेखकावर बाबा हसले नाहीत. रेडिओ बंद करून त्यांनी एवढंच विचारलं, "सगळी रिळं लावली होतीस ना?"

ताई म्हणाली, "बाबा, आता रिळं नसतात."

"नसतील. पण तुझ्या खोलीतून काल दुपारभर एकाच बटणाचा आवाज येत होता. ते झिजलंय, वेगळं वाजतं. मी चौपन्नपर्यंत मोजलं, मग मला डुलकी लागली."

मित्रांनो, मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चहाडी मीच केली होती, माझ्या आवाजाने!

ताई चिडली. वेळ कुणाला आहे, सगळेच असं करतात, असं बरंच बोलली. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि मग एक जुनी गोष्ट काढली. थिएटरच्या मालकांना शेवटचा खेळ शेवटच्या बसच्या आधी संपवायचा होता. त्यांनी बाबांना सातवं रीळ गाळायला सांगितलं आणि बाबांनी आठवडाभर ते गाळलं. लोक बाहेर पडताना लेखकाच्या नावाने बोटं मोडायचे, की याला धड गोष्टही सांगता येत नाही.

"मी दारातच उभा असायचो," बाबा म्हणाले, "आणि गप्प राहायचो. त्या लेखकाला आजतागायत काही सांगू शकलो नाही बघ."

ताई आत आली. तिने चौदावा भाग लावला आणि पुढे नेऊन कुंभारणीच्या दारात थांबवला. आता मागे जायचं होतं. तिने माझा डावा बाण दाबला. तो हललाच नाही! कधी वापरलाच नव्हता, खाली धूळ आणि बिस्किटाचा भुगा गच्च बसला होता. उजवा झिजून चालला, तर डावा पडून पडून आखडला. ताईने केसातली पिन काढली, तो बाण अलगद उचलला, खालची घाण कोरून काढली, फुंकर मारली आणि परत बसवला. टक्. जन्माची परीक्षा सोडली तर माझ्या आयुष्यातला तो पहिला मागचा टोला. कोवळा आवाज होता त्याचा.

टक्, टक्, टक्. एकूण चार वेळा, म्हणजे चाळीस सेकंद. मग ताई उठली, बाबांना हाताला धरून आत घेऊन आली आणि हेडफोन काढून ठेवले. पडद्यावर कुणी बोलतच नव्हतं, त्यामुळे वाचायला ओळच नव्हती. ती जे दिसेल ते सांगू लागली.

नावाडी दिवा लावून पेटी उघडतो. एकेक सावली बाजूला ठेवत तळाशी जातो. तिथे एक लहानशी सावली आहे, मुलाची. ती त्याची स्वतःचीच. तो उभा राहून ती पायाला लावून बघतो. सावली त्याच्या गुडघ्यापर्यंतच येते. तो पुन्हा पुन्हा ओढून बघतो. ती आता त्याला पुरत नाही. होडीवरची घंटा एकदाच वाजते. तो ती सावली परत घडी घालून ठेवतो आणि कुंभारणीची उचलतो.

ताईने चित्र तिथेच थांबवलं. बाबा म्हणाले, "आमचे बुवाही असेच. खरं सांगायचं असलं की गाता गाता गप्प होतात. लोक तिथेच रडतात."

ताईने लगेच फोन लावला. संपादकबाईंनी समजूत घातली की राहू दे गं, कुणाच्या लक्षात येतंय, लोक हसतायत ना. ताई ऐकेना, तेव्हा त्या स्पष्टच म्हणाल्या, "मालिका न बघता लिहिलं असं कबूल करणाऱ्याला मी शुक्रवार देऊ शकत नाही."

ताईने फोन ठेवला आणि मला पुढे ओढलं. मग तिने लिहिलं, "हा प्रसंग मी पाहिला नव्हता. चार वेळा बटण दाबून मी तो ओलांडला होता. लेखक होडीतून पडला नाही, मी पडले." पुढे तिने ते चाळीस सेकंद लिहिले, एकही विनोद न करता.

शुक्रवार दुसऱ्या कुणाला मिळाला. ताई अजूनही सकाळी दवाखान्यात फोन घेते. परीक्षण ती महिन्यातून एखादंच लिहिते आणि त्याखाली एक ओळ घालते, की सोळाही भाग पूर्ण पाहिले, वडिलांसोबत. तिला वाचणारे थोडे आहेत, पण ते शंका विचारतात, अगदी बाबांसारख्या.

आता मी थकलो आहे. माझी तीन अक्षरं उमटत नाहीत, म्हणून ताईने लिहायला नवा कीबोर्ड आणला. मधले काही दिवस मी कपाटावर धूळ खात पडलो होतो आणि खाली मालिका सुरू झाली की नुसता तळमळायचो. मग एका दुपारी ताईने मला उतरवलं, पुसलं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंना हात लावाल तेव्हा थोडी माया ठेवा. आमच्या फटींत साचलेली धूळ काढा आणि जे बटण कधीच दाबलं जात नाही त्याचीही अधूनमधून चौकशी करा. आणि कुणी जीव ओतून काही सांगत असेल, तर तो गप्प झाल्याबरोबर पुढे पळू नका.

मालिका मी आता बाबांसोबत बघतो. ताई ओळी वाचते. बाबांना माझी अक्षरं दिसत नाहीत, पण खळगा पडलेलं बटण कोणतं आणि कोऱ्या कडांचं कोणतं, हे त्यांच्या बोटांना बरोबर कळतं. पडद्यावर शांतता पसरली की त्यांचा अंगठा माझ्या खळग्यात येऊन बसतो. माझा उजवा बाण जुन्या सवयीने फुरफुरतो. बाबा तो दाबत नाहीत. अंगठा तसाच ठेवून विचारतात, "काय दिसतंय?" आणि ताई सांगू लागते.