थांबाची खूण

खडाच वाटला तो – मातकट, वर काळे ठिपके, तळ्याच्या पाळीवरच्या शेकडो खड्यांतला एक – आणि चंपतची नजर त्याच्यावरून पुढे गेलीही होती, तेवढ्यात शालूनं त्याच्या सदऱ्याची बाही ओढली आणि चार बोटं दाखवली. मग त्यालाही दिसली. टोकं आत करून जवळजवळ ठेवलेली चार अंडी. ना काडी, ना गवत. टिटवीला घर बांधायचा भारी कंटाळा, असं कवडूआजा म्हणायचा.

"माह्या अगुदर तुले दिसले," तो कुजबुजला.

"तुमाले लोखंड पाहाची सवय पडली, बाबा."

चंपत मनातल्या मनात हसला. तेरा वर्षांची पोर, आणि बापाला बोलते कशी! लोखंड तर लोखंड. भिलाईच्या रेल मिलमध्ये चाळीस फूट उंचीवर क्रेनच्या कॅबिनमध्ये बसून तापलेले रूळ उचलायचे, हे काम भंडाऱ्याकडच्या त्याच्या गावात कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. बी शिफ्ट दुपारी दोनला, म्हणजे सकाळ आपली. मग फाल्गुन लागल्यापासून बापलेक कॅम्प-१ या कामगार वस्तीतून निघायचे ते पाऊण तासात कुरुदच्या तळ्यावर. थंडीतली बदकं परत चालली होती, रोज थोडी कमी दिसायची. शालू वहीत नावं लिहायची. आणि शालूची आई रुक्मा रोज म्हणायची, "लोकाच्या पोरी पानी भरून राहिल्या, आन् हे दोघं पाखरं मोजून राहिले!" – म्हणायची, आणि फडक्यात भाकर-चटणी बांधूनही द्यायची.

पाखरांची नावं चंपतच्या आज्याकडून आलेली. कवडूआजा गावचा कोतवाल. रानोमाळ, शिवेशिवेनं हिंडून त्याला प्रत्येक आवाज ठाऊक. टिटवी ओरडली की घरातलं कुणी जाणार, असं आजी म्हणायची. ते सगळं छप्पन साली गेलं. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर रुक्मानं स्वतःच्या हातानं देव वैनगंगेत सोडले, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि त्यांच्याबरोबर टिटवीचा अपशकुनही गेला. आपण एकेक गोष्ट टाकून हलके होऊन भिलाईला आलो, याचा चंपतला फार अभिमान होता. काही उरलं नाही आता, असं तो म्हणायचा.

टिटवी एकदम किंचाळली. पाळीच्या पलीकडून कुणी येत होतं – डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण – आणि चंपतनं ओळखलं. भार्गवसाहेब. त्याच्याच मिलचे इंजिनीअर. टिटवी त्यांच्यासमोर धपकन पडली, एक पंख फरफटत लंगडू लागली.

"अरे, बेचारी का पंख टूट गया," साहेब स्वतःशीच म्हणाले.

पंखाला काही झालेलं नव्हतं. अंड्यांपासून लांब न्यायचं तिचं ते सोंग. शालूला ते सहाव्या वर्षापासून माहीत. भोळा माणूस असता तर तिच्यामागे गेला असता आणि अंडी वाचली असती. पण साहेब शहाणे. पाखराला तळ्याच्या बाजूनं अडवावं म्हणून ते पाळीवरून वळसा घेऊन निघाले, नजर टिटवीवर आणि पाय नेमके अंड्यांच्या रोखानं. दहा पावलं. आठ.

शालू उठली. तिनं श्वास आत घेतला, ओरडणार... आणि चंपतचा तळहात तिच्या तोंडावर बसला.

मी बसवला नाही. तो बसला. मला कळायच्या आत – आणि कळलं तेव्हा नाकात एकदम तंबाखूचा वास आला, आज्याच्या तळहाताचा. आठ वर्षांचा होतो मी. गावचे मालगुजार बंदूक घेऊन बदकांवर आले होते आणि सरळ दलदलीकडे चालले होते. मला ठाऊक होतं तिथं गाळ आहे, मी तोंड उघडलं, आणि आज्याचा हात असाच आला. मोठ्या माणसाला वाट सांगायची नसते. मालगुजार गुडघ्यापर्यंत रुतले. वर काढल्यावर त्यांनी आज्याला लाथ घातली – आधी का नाही सांगितलं म्हणून.

सहा पावलं. तळहाताखाली शालूचा श्वास गरम लागत होता. आणि मग तिचे दोन्ही हात वर आले, आडवे पसरले, जोरजोरात डावी-उजवीकडे हलू लागले.

थांब!

क्रेनची ही खूण त्यानंच शिकवलेली. चुलीपुढं, थाळी उचलून – ही वर, ही खाली, ही हळू. बाकीच्या खुणा खाली साखळी लावणाऱ्या ठरलेल्या खलाशाच्याच मानायच्या. पण थांबाची खूण कुणीही करावी, झाडूवालीनं केली तरी क्रेन थांबलीच पाहिजे. आधी थांबायचं, मग विचारायचं. कामावरचा तो पहिला धडा चंपतनं घरी चारदा सांगितला होता. कुठं असतं हो असं जगात, की झाडूवालीनं हात पसरले आणि वीस टन लोखंड जागच्या जागी उभं राहिलं?

साहेब थांबले. मिलचाच माणूस, अंगवळणी पडलेलं. एक पाय अधांतरी ठेवून पुतळ्यासारखे उभे राहिले. तेव्हा कुठं चंपतचा हात खाली आला.

"उसका पंख ठीक है, साहब," शालू म्हणाली. "झूठमूठ लंगड़ाती है. आपके पाँव के आगे अंडे हैं."

साहेबांनी खाली पाहिलं. बराच वेळ दिसलंच नाही त्यांना. दिसलं तेव्हा त्यांनी पाय सावकाश मागं घेतला, हॅट काढली आणि उकिडवे बसले. "दस साल से देख रहा हूँ चिड़ियाँ," ते म्हणाले, "और ये नहीं मालूम था. सिग्नल किसने सिखाया, बेटी?"

"मेरे बाबा ने. रेल मिल में क्रेन चलाते हैं. शालू चंपत गजभिये मेरा नाम."

"गजभिये," साहेब त्याच्याकडे वळले, "बहुत अच्छा सिखाया तुमने."

आणि चंपत ताठ उभा राहून "जी" म्हणाला. ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोला. इकडं तळहात अजून ओला होता. तो त्यानं पायजम्याला पुसला.

परतीच्या वाटेवर मोहाचा वास होता. ती पुढं, तो मागं. एकदा तिनं विचारलं, "बाबा, मी चुकली का?" "नाही," तो म्हणाला. त्यापुढं काही बोलायला हवं होतं.

घरी शालूनं सगळं रंगवून सांगितलं. साहेबांचा अधांतरी पाय करून दाखवला. रुक्मा पदर तोंडाला लावून हसली, मग म्हणाली, "पन हात कावून हालवत बसली वो? तोंड नोयतं का तुले? हाक मारली असती!"

शालूनं चंपतकडे पाहिलं. फक्त एकदा.

"तोंडात भाकर होती, आई."

भाकर सोडलीच नव्हती. फडकं तसंच बांधलेलं चुलीजवळ पडलं होतं. रुक्माचं लक्ष गेलं नाही.

आता चंपत कॅबिनमध्ये आहे. खाली ओमप्रकाश खलाशी रुळांना साखळी लावतो आहे, त्याला वेळ लागेल. मिलभर ओरडून सांगावंसं वाटतंय – माझ्या पोरीनं साहेबाला थांबवलं! माझ्या पोरीनं! चहाच्या सुट्टीत सांगायचं म्हणून त्यानं मनात तीनदा सुरुवात केली, आणि तिन्ही वेळा गाडी तिथंच अडली. हात का हलवले तिनं? हे कुणीही विचारणार. तोंडात भाकर होती म्हणायचं. पोरीनं रस्ता करून दिलाय. माझ्यासाठी करून दिलाय... मी दाबलं ते तोंड तिनं उघडलं, आणि घरी येऊन माझ्यासाठी पुन्हा मिटून घेतलं. देव सोडले वैनगंगेत, हा हात तेवढा बरोबर आला. तिच्यात तो जाऊ द्यायचा नाही. एवढं तरी.

उद्या. उद्या चुलीपुढं, शालू समोर असताना... रुक्मा, तुले खरं सांगतो – नाही, असं नको. सरळ पहिल्यापासून. त्यानं ओठ हलवून पाहिले. कॅबिनमध्ये ऐकणारं कुणी नव्हतं.

"पहिले म्या तिचं तोंड दाबलं."

वाक्य जड होतं, पण उचललं गेलं. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. त्याच्यानंतर बाकीचं सगळं – ते दोन हात, तो अधांतरी पाय – आपोआप येत होतं, आणि मघापेक्षा कितीतरी मोठं दिसत होतं. खालून ओमप्रकाशनं वर घेण्याची खूण केली. चंपतनं तळहात एकदा उघडून पाहिला आणि दांड्यावर ठेवला.