आतली कडी

मी एक जुना बर्फाचा डबा आहे, मित्रांनो. रेल्वेचाच, पण उंची वीतभर. हसू नका! माझ्या छपराची झाकणं उघडतात, दोन्ही टोकांना बर्फासाठी पत्र्याची खोकी आहेत, भिंतींत भुसा ठासून भरलाय. एकोणीसशे चौपन्नच्या उन्हाळ्यात बारामतीच्या सोपान सुतारानं मला घडवलं.

फळांचे व्यापारी आबासाहेब यांनी त्या वर्षी तसा मोठा डबा मागवला होता. बागायतदार मात्र नाकं मुरडत. "बर्फात डाळिंब? म्हमईला पोचस्तवर लगदा व्हईल!" म्हणून सोपाननं मला, त्या डब्याच्या छोट्या नमुन्याला, करायला घेतलं. बाजारच्या दिवशी मला मांडून तो त्यांना दाखवणार होता, की बर्फ इथं, फळं इथं. "बघ रंगू, ह्यो गडी समद्यांची तोंडं बंद करतोय का न्हाय," असं तो बायकोला म्हणे. मी फुशारून जाई.

एके दुपारी मोठा डबा यार्डात बर्फ भरून उभा होता. फळं सकाळी चढवायची, तोवर त्याला आतून गार करायचं. माझं दार तेवढं राहिलं होतं. मोठ्या दाराची मापं बघायला सोपान मला काखेत मारून आत शिरला. बाहेर वैशाखाचा वणवा, आत माघातली थंडी. बिचारा घटकाभर टेकला आणि त्याचा डोळा लागला.

हिंदुराव हमाल वडगावहून नुकताच कामाला आलेला. उघडं दार बघून तो ओरडला, "आरारारा, समदा गारवा चालला की!" त्यानं दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली. आत डोकावलासुद्धा नाही. धान्याच्या पेवात उतरण्याआधी, आत हवा कोंदलीय का म्हणून कंदील सोडून बघणारी ही माणसं! पण गारवासुद्धा जीव घेतो, हे कुणाला ठाऊक?

सोपान जागा झाला. दाराला आतून कडीच नव्हती. त्यानं हाका मारल्या, मलाच उचलून दारावर ठोके दिले. माझा हा कोपरा तेव्हाचाच चेपलेला. जाड भिंतीतून बाहेर काही गेलं नाही.

संध्याकाळी रंगूबाई त्याला शोधत यार्डात आली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत. तिनं हिंदुरावाला विचारलं, "मालक कुठं हायती वो?"

हिंदुरावाचे मालक म्हणजे आबासाहेब. "मालक व्हय? इंदापूरला गेल्यात, बागा बघाया. उद्याच्याला येत्याल."

ती निर्धास्त घरी गेली. भाकरी टोपल्याखाली झाकून ठेवली. हे मला मागाहून कळलं. त्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

सकाळी दार उघडलं. सोपान दाराशीच बसला होता, मी त्याच्या मांडीवर. हिंदुरावानं त्याला हलवून बघितलं, तर अंग लाकडासारखं ताठ, गार. खबर ऐकून धावत आलेल्या रंगूबाईनं जमिनीवर डोकं आपटून घेतलं. "येक नाव जिभंवर आलं न्हाय माज्या! जळो ती रीत!"

तिचे सासरे अप्पा, तेही सुतारच. त्यांनी माझं दार बसवलं आणि त्याला आतूनही कडी लावली. रंगूबाई मला घेऊन स्टेशनातल्या साहेबाकडं गेली. "सायेब, मोठ्या डब्याला अशी कडी लावा."

"खेळणं झकास आहे," साहेब म्हणाला आणि त्यानं मला खिडकीतल्या फळीवर ठेवलं. कडी काही लागली नाही. माझ्यावर धूळ बसली, छपरात कोळ्यानं घर केलं.

रंगूबाईनं मग यार्डातच झाडलोटीचं काम धरलं. डबा बंद व्हायच्या वेळी ती झाडू टाकून दाराशी जायची आणि मोठ्यानं हाक मारायची, "सोपान! आत हाय का, सोपान?" पहिल्या दिवशी बायांनी तोंडात बोटं घातली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर हिंदुरावानं हाक दिली. पुढं सोपानला हाक मारल्याशिवाय कुणी हमाल त्या कडीला हात लावेना.

मित्रांनो, मी फळीवरून ती हाक पुष्कळ उन्हाळे ऐकली. तुम्हीसुद्धा कुठलंही दार लावण्याआधी आत हाक मारा. नाव घेऊन मारा. आणि रंगूबाई थांबायची तसे, ओ येते का म्हणून जरा थांबा.