गुनवोरची लय

"मास्तर, आज तरी खाली बसा. वाजवायला शेजारच्या गावचा माणूस बोलावलाय," चर्चच्या माडीवर, ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या भात्याजवळ उभा असलेला ओड्वार म्हणाला. चर्चची घंटाही तोच वाजवायचा.

"त्याला कॉफी पाज आणि परत पाठव," सिव्हर्ट बूट काढत म्हणाला. पायांखालच्या पट्ट्या नीट कळाव्यात म्हणून ऑर्गनवर तो लोकरी मोज्यांनीच बसायचा. मोजे त्याच्या बायकोने, गुनवोरने विणलेले होते. ती खाली शवपेटीत होती.

सिव्हर्टने दोन सिंफनी लिहिल्या होत्या. राजधानीत त्या एकेकदा वाजल्या आणि लोक विसरून गेले. टिकलं ते त्याचं एकच प्रार्थनागीत, आणि तेही सगळे रटाळ गायचे. या रटाळांची पुढारी त्याची बायको! तिसऱ्या बाकावरून ती प्रत्येक ओळ ताणायची, आणि अख्खं गाव तिच्यामागून फरपटत यायचं.

"अगं, गाणं आहे ते. मासे वाळत घातलेत का?" दर रविवारी जेवताना तो चिडायचा.

"तुला कुठली बोट गाठायचीय?" बटाटा सोलत ती म्हणायची. "बसलायस की घरातच."

संसारभर हे भांडण मिटलं नाही. आज मात्र त्याने ठरवलं होतं, तिला पोचवताना ते गीत तिच्याच लयीत वाजवायचं. तेवढंच आता तिला देता येण्याजोगं उरलं होतं.

त्याने सावकाश सुरुवात केली. पण खालचे आवाज ताठ, चपळ, त्याला मागे टाकून पुढे निघाले. त्याने दचकून ओड्वारकडे पाहिलं.

"शाळेत जमून तालीम केली सगळ्यांनी," ओड्वार कुजबुजला. "तुमच्या मनासारखं. म्हटलं, तेवढंच मास्तरांना बरं वाटेल."

सिव्हर्टला भरून आलं. एवढ्या मायेने केलेलं मोडवेना. तोही त्यांच्याबरोबर निघाला. हवं तसं गाणं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते त्याला नकोसं झालं. प्रत्येक ओळीच्या शेवटी कान तिसऱ्या बाकाकडे जात होते, आणि तिथे मागे राहिलेलं कुणीच नव्हतं.

शेवटची ओळ संपली. लोकांनी पुस्तकं मिटली. सिव्हर्टने पट्टीवरचं बोट उचललंच नाही. गुनवोरने धरला असता तेवढा वेळ तो सूर एकटाच चालू राहिला.

गाण्यासाठी उभं राहिलेलं कुणीही खाली बसलं नाही. ओड्वार भाता दाबत राहिला.