सूनबाईंचं मॅनिफोल्ड

वहिनी या घरात आल्यापासून माझ्या पोटात दुखतंय, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरला दाखवावं असं ते दुखणं नाही.

आमचं वर्कशॉप म्हणजे बाबांचं वर्कशॉप. बाकीचे हात टेकतात ती जुनी इंजिनं आमच्याकडे येतात. दादाला ग्रीसचा वास सोसत नाही, म्हणून त्यानं ऑफिसातली नोकरी धरली आणि बाबांच्या हाताखाली मी तयार झाले. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भोकं पडली नाहीत असा माझा एक ड्रेस दाखवा. एवढं करून बाबांच्या तोंडून माझ्या कामाला 'छान' म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मला आपलं ठरलेलं, "कार्टे, डोळे कुठे आहेत तुझे?"

मग दादानं लग्न करून वहिनी आणली. फाउंड्रीवाल्यांची मुलगी, ओतीव लोखंडात लहानाची मोठी झालेली. एकदा सहज म्हणून वर्कशॉपमध्ये डोकावली आणि तिथलीच झाली. तिनं साधा नट पिळला तरी बाबा म्हणणार, "छान हं, सूनबाई." शेजारी मी अख्खं इंजिन उतरवून ठेवलेलं असायचं, पण तिकडे ढुंकून बघायचे नाहीत.

अशात तो ट्रक आला. वयानं बाबांच्या बरोबरीचा, बॉनेट लांब नाकासारखं पुढे आलेलं. इंजिन ठणठणीत होतं, फक्त इनटेक मॅनिफोल्डला तडा गेला होता. कार्ब्युरेटरमधून येणारी हवा आणि पेट्रोल सगळ्या सिलिंडरना वाटून देणारा हा फाटे फुटलेला पाइप. तो आता कुठेच मिळत नाही, आणि जुन्याला इतकी ठिगळं लावलेली की पुढचं वेल्डिंग धरेना. म्हणजे नवा घडवायचा, हातानं. असं काम जन्मात एखादं मिळतं. मी तर मनातल्या मनात नळ्या वाकवायलाही घेतल्या होत्या.

"हे सूनबाई करेल," बाबा म्हणाले. "तू तिला फ्लँज कापून दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. फ्लँज म्हणजे इंजिनावर टेकणारी जाड पट्टी. ती मी कापली, भोकं पाडली, नखालाही खरखर लागू नये अशी घासली. कुणी उचलूनसुद्धा पाहिली नाही. तिकडे वहिनी नळ्यांमध्ये वाळू ठासून भरत होती, तापवत होती आणि हळूहळू वाकवत होती. एकही वळण चपटं झालं नाही. मी खोट शोधत होते, आणि काही कमी शोधली नाही.

"वन्सं, हा फाटा जरा बघता का? तिरपा वाटतोय का?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले. "बाबांना विचारा, छानच म्हणतील."

ती हसली. तिला टोमणासुद्धा लागत नाही, याचा मला आणखी राग.

वेल्डिंगच्या बाबतीत आमच्याकडे एक कडक नियम आहे. फ्लँज जाड लोखंडी ठोकळ्यावर बोल्टांनी आवळायची, मग नळ्या जोडायच्या, आणि ठोकळा पार थंडगार होईपर्यंत बोल्टला हात लावायचा नाही. गरम असताना सोडली की पट्टी वाकलीच म्हणून समजा. वहिनीनं आवळलं, जोडलं, एकसारखं सुबक वेल्डिंग केलं. बाबा चष्मा लावून ते बघायला लागले तशी मी गॅस्केटचा कागद आणायला म्हणून बाजारात निघून गेले. कागद घरात होता.

परत आले तर मॅनिफोल्ड बाकावर मोकळं पडलेलं.

"सोडलंत?" मी विचारलं.

"हो, हाताला सोसण्याइतकं गार झालं होतं. आमच्याकडे एवढं निवलं की साचा फोडतात. नंतर काम वाकडं होत नाही."

ओतीव काम होत नसेल. हे जोडकाम होतं. मी ते सपाट टेबलावर ठेवलं, तर फ्लँजच्या मधोमध खालून उजेड दिसत होता. त्या फटीतून हवा शिरली असती आणि इंजिन नुसतं खोकत बसलं असतं. वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. बाबांना हाक मीच मारली, चांगली मोठ्यानं.

बाबांनी वाकून फट पाहिली. चष्मा कपाळावर सरकवला.

"कार्टे, डोळे कुठे आहेत तुझे? ठोकळ्याला हात लावून बघायला काय मुहूर्त काढायचा होता?"

सवयीनं माझी मान खाली गेली. मग लक्षात आलं, ते माझ्याकडे बघतच नव्हते.

बाबा परक्याला कधी बोलत नाहीत. गिऱ्हाइकाला नाही, पाहुण्याला नाही, दादाच्या तर वाटेलाही जात नाहीत. कुणी काही बिघडवलं तर 'असू दे' म्हणतात आणि स्वतः नीट करतात. त्यांच्या जगात कार्टी एकच होती, आणि ती मी. आता तिथे वहिनी उभी होती, मान खाली घालून माझ्या वाट्याची बोलणी खात. 'छान' तिला मिळालं ते मी कसंबसं गिळलं होतं. हे मात्र घशाखाली उतरेना.

"तिला कशाला बोलताय?" मी म्हणाले. "मीच सांगितलं तिला सोडायला."

वहिनीनं चमकून पाहिलं. "नाही हो बाबा, वन्सं तर इथे..."

"सूनबाई, तू थांब," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

मग त्यांनी मला जे झाडलं ते विचारू नका. ठोकळ्यापासून सुरुवात केली आणि शाळेतल्या माझ्या गणितापर्यंत जाऊन पोचले. मी एक शब्दही वाया जाऊ दिला नाही.

ते आत गेल्यावर वहिनीनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वन्सं, एवढं मोठं मन कुणाचं असतं हो?"

मी हात सोडवून घेतला. मॅनिफोल्ड पुन्हा ठोकळ्यावर ठेवलं. आवळून, तापवून, या वेळी नीट गार होऊ द्यायचं होतं. तिनं पाना उचलला.

"द्या इकडे," मी म्हणाले. "पुन्हा वाकलं तर बोलणी मीच खाईन."

तिला तेही माझं मोठं मनच वाटलं.